बाळंतिणीची केबिन

दुपारी तीनच्या सुमाराला सुरतेतल्या नवागाममधलं हिलालचं घर धक्का सोडायचं. निदान हिलालला तरी तसं वाटायचं, आणि दुपारी तीन वाजता जागं राहून त्याला खोटं पाडायला कुणाला वेळ होता? वरच्या खोलीत तो पाठ टेकून पडायचा, शेजारच्या खात्यातले लूम धडधडत असायचे, त्या धडधडीनं भिंती बारीक थरथरायच्या, आणि गोल खिडकीतून दिसणारं आभाळ हळूहळू मागे सरकायला लागायचं. लूमच्या कारखान्याला इथं सगळे खातं म्हणतात. हिलालच्या लेखी मात्र ते इंजिनरूम होतं. इंजिन चालू आहे, समुद्र शांत आहे, आपण निघालो आहोत. कुठं, ते विचारायचं नाही.

खोलीच तशी होती. अख्ख्या गल्लीत ती 'हिलालनी केबिन' म्हणून ओळखली जायची. भिंतींना फिकट दुधी रंगाच्या गुळगुळीत फळ्या, छतालाही त्याच. भिंतीत बसवलेला लाकडी पलंग, त्याला पडू नये म्हणून कठडा. पितळी चौकटीची गोल खिडकी. आणि दारावर परदेशी अक्षरांतली एक पाटी, तिचा अर्थ आजवर कुणाला लागला नव्हता. प्रमिलाबाईंच्या मते तिथं 'आळशी माणसाची जागा' असं लिहिलेलं असणार.

हिलाल मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेत आला तो लूमवर, पण एका जागी उभं राहून धागे जोडणं त्याच्या जिवावर यायचं. गावचाच धुडकू आखातापलीकडे अलंगला जहाजं तोडायच्या कामावर होता, त्याच्या मागं हिलालही गेला आणि चौदा वर्षं गॅस-कटर होऊन राहिला. बायको-पोर सुरतेत, हा अलंगच्या किनाऱ्यावर. महिन्या-दोन महिन्यांनी बसनं अख्ख्या आखाताला वळसा घालून घरी यायचा, आणि येताना रिकाम्या हातानं कधी आला नाही. जहाजातून निघालेलं सामान तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलभर विकायला मांडलेलं असायचं: गाद्या, कपबश्या, घड्याळं, संडासाची भांडी. त्यातून एकेक करत त्यानं ही केबिन जमवली होती.

अलंगचं नाव काढलं की साठीला टेकलेला हिलाल पंचविशीचा व्हायचा. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती यायची, तेव्हा जहाज दुरून पूर्ण वेगात सुटायचं आणि सरळ किनाऱ्यावर चढायचं. पाणी ओसरलं की सात-आठ मजल्यांचं धूड चिखलात उघडं बसलेलं. लोक त्याच्या पोटाखालून पायी हिंडायचे. मग महिनोन् महिने त्याला पुढून मागे कापत न्यायचं. हिलालला वाटायचं, जगात जहाज मोडायची हीच एक रीत.

ती तशी नाही, हे त्याला गजेंद्रनं सांगितलं. गजेंद्र म्हणजे त्याच्या मोठ्या भावाचा मुलगा, याच घरात वाढलेला, आता बोटीवर फिटर. तो सुट्टीवर आला की काका-पुतणे केबिनमध्ये पाय पसरून बसायचे आणि देशोदेशींची मोडकी जहाजं गोळा करायचे. बांगलादेशात चिखल इतका की पत्रे खांद्यावर घेऊन माणसं ओळीनं गात चालायची. तुर्कस्तानात जहाजाचं नाक तेवढं जमिनीला लावायचे, शेपूट पाण्यात तरंगत ठेवून क्रेननं तुकडे उचलायचे. चीनवाले धक्क्याला बांधून वरून खाली मजला मजला उतरवायचे, हल्ली त्यांनी बाहेरची जहाजं घेणंच बंद केलं. हिलाल प्रत्येकाला मार्क द्यायचा, आणि शंभरातले शंभर अलंगला. आपलंच कार्टं आणि आपणच परीक्षक!

तर त्या गुरुवारी दुपारीही घर असंच निघालं होतं. हिलालच्या डोळ्यांवर झापड आली होती. खालून प्रमिलाबाईंचा आवाज आला.

"आयकं का? जहाज कोठे पोचनं? पोर रविवारले येनार शे, आनी झोकाना हूक आजून ठोका नही."

उज्ज्वला ही त्यांची एकुलती एक लेक. सुरतेतच पर्वत पाटिया भागात दिलेली, रिक्षानं अर्ध्या तासाच्या अंतरावर. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काही अंतर मोजून ठरत नाही. आठवा लागत होता. तिनं फोनवर आधीच बजावलं होतं, मला वरचीच खोली हवी, बाळ तिथंच झोपवीन, माझ्यासारखं. लहानपणी ती याच पलंगावर झोपायची आणि सकाळी उठून आपण रात्री कुठल्या देशाला जाऊन आलो ते सांगायची. एकदा तर हत्तींच्या बंदराला जाऊन आली होती.

आणि खानदेशी घरात तान्हं बाळ म्हणजे झोका आलाच. छताला दोन हूक, त्यातून दोर, दोरात लुगड्याची झोळी. हिलालनं शेजारच्या बन्सीलालकडून ड्रिल मशीन आणलं होतं. तो उठला, स्टुलावर चढला, छताच्या दुधी फळीवर पेन्सिलीनं दोन फुल्या मारल्या. मशीन लावून बघितलं, छान गुरगुरलं. तेवढ्यात पलंगावर फोन वाजला.

गजेंद्रचा व्हिडिओ कॉल होता. हिलाल एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात फोन घेऊन स्टुलावरच बसला. पलीकडे धुकं होतं. गजेंद्रचं नाक लाल झालं होतं. त्याची बोट म्हातारी झाली म्हणून मोडीत निघाली होती, आणि ती पोचवायला तो डेन्मार्कला गेला होता. परतीचं तिकीट हाती येईपर्यंत बोटीवरची पोरं बसून होती.

"काका, दखा हाई गंमत," गजेंद्र म्हणाला. "चार दिन व्हयनात, एक पत्रा कापा नही यास्नी."

त्यानं फोन फिरवला. हिलालनं बघितलं आणि बघतच राहिला. धुक्यात एक जहाज धक्क्याला अलगद बांधलेलं. शेजारी काँक्रीटचा स्वच्छ उतार, त्याच्या कडेनं पन्हाळी, का तर तेलाचा थेंबही समुद्रात जाऊ नये. आरडाओरडा नाही, ठिणगी नाही. माणसं हातात कागद घेऊन फिरत होती. कुठल्या खोलीत काय विषारी आहे त्याची यादी होती म्हणे, आणि यादी संपल्याशिवाय कुणी कटर पेटवायचा नाही.

हिलाल खो-खो हसला. "इतला दिनमा आम्ही अर्ध जहाज उतारी टाकं व्हतं! हाई तोडी राहिनात का जहाजनं केळवण करी राहिनात?"

गजेंद्रही हसला आणि फोन घेऊन पुढं गेला. जहाजाच्या पोटात एका केबिनला बाहेरून प्लास्टिकचा तंबू ठोकला होता. तंबूत चंद्रावर उतरल्यासारखी तीन माणसं, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, तोंडाला नळ्या. एक जण भिंतीवर पाण्याचा बारीक फवारा मारत होता. दुसऱ्या दोघांनी भिंतीची एक फळी हळूच सोडवली. न वाकवता, न आपटता दोन्ही हातांवर आडवी घेतली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, पुन्हा दुसऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि वर शिक्का मारला. तान्ह्या बाळालाही कुणी इतकं जपून गुंडाळत नाही. तंबूतल्या दिव्याच्या उजेडात फळीची कड क्षणभर दिसली होती. दोन कडक पापुद्रे आणि मध्ये राखाडी, लोकरीसारखं काहीतरी.

हिलालचं हसू तसंच ओठांवर राहिलं. फिकट दुधी रंग. दोन फळ्यांच्या जोडावर ती पातळ ॲल्युमिनियमची पट्टी. त्यानं मान वर करून आपल्या छताकडे बघितलं, मग फोनकडे, मग पुन्हा छताकडे.

"गजू, ते काय शे रे?"

"अ‍ॅस्बेस्टॉस, काका. त्यानी धूळ छातीमा गयी का निंघत नही. वीस-तीस वरीसनंतर..." गजेंद्र थांबला. इकडच्या चित्रात काकाच्या डोक्यामागची भिंत त्यालाही दिसत होती, ज्या भिंतीला टेकून त्यानं दहावीचा अभ्यास केला होता. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "काका, तुमना हातमा काय शे? ते ड्रिल पहिले खाले ठेवा."

हिलालनं ड्रिल खाली ठेवलं. अंडं ठेवावं तसं.

गजेंद्रनं तिथल्या माणसांना विचारून विचारून सगळं सांगितलं. फळी अखंड असेल, वर रंग असेल, तर ती गप्प बसते. छेडली की उठते. भोक पाडायचं नाही, खिळा मारायचा नाही, तोडायची तर मुळीच नाही. खोली बंद करून ठेवायची आणि जाणत्याकडूनच काढवायची. हिलाल हूं हूं म्हणत होता. पण तो आता तिथं नव्हताच. घर निघालं होतं, आणि ह्या खेपेला पुढं नाही, मागं चाललं होतं.

एकवीस वर्षं मागं. उन्हाळ्यातली दुपार. ट्रकमधून फळ्या आलेल्या, त्या खोलीच्या मापाला चार बोटं जास्त. हिलाल करवत चालवतोय आणि सात वर्षांची उज्ज्वला फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून उभी आहे, बापाला मदत करतेय म्हणून छाती फुगवून. करवत पुढं-मागं जाते तसा पांढरा धुरळा खिडकीतल्या उन्हात तरंगतो. तिच्या पापण्यांवर बसतो, केसांवर बसतो. हिलाल टाळी वाजवून हसतो आणि बायकोला हाक मारतो, "दखा, मनी माय उनी!" पोरगी म्हातारीसारखी कमरेत वाकून चालून दाखवते. मग तिला शिंक येते. तिघंही हसतात.

ही आठवण हिलाल आजवर खडीसाखरेसारखी चघळत आला होता. आता ती तोंडात विरघळेना आणि थुंकताही येईना.

त्यानं धुडकूला फोन लावला. धुडकू अजून अलंगलाच होता. हिलालनं फळीची कड, रंग, पट्टी, मागच्या बाजूचे आठवतील ते आकडे, सगळं वर्णन केलं.

"हिलाल, त्या फळ्या आपन दोन्हीस्नी खांदावर वाहेल शेत रे," धुडकू म्हणाला. "आते आठे बी तसंच शे. पांढरा कपडा, मास्क, पानी मारानं, मंग काढानं. नवा कायदा उना, जहाज तोडाना प्लॉटवर फरशी उनी. तुना-मना वखतनं अलंग राहिनं नही."

"मंग मना घरले कोन काढी?"

जहाजासाठी डेन्मार्कात कायदा होता, तुर्कस्तानात होता, आता अलंगलाही होता. जहाजातून निघून नवागामच्या वरच्या मजल्यावर येऊन बसलेल्या भिंतीसाठी कुठलाच नव्हता. साहेबांना विचारून शिकलेली दोन माणसं पाठवायची व्यवस्था बघतो, महिना तरी लागेल, तोवर दार बंद ठेव, असं धुडकू म्हणाला. हिलालनं उन्हात उभं राहून दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली. आयुष्यभर पोलाद कापलेल्या त्या हातांना आता काहीही न कापण्याचं काम आलं होतं.

प्रमिलाबाईंना त्यानं सगळं सांगितलं. त्या चुलीपुढं बसाव्या तशा गॅससमोर पाटावर बसून राहिल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "पोरले सांगू नका. पोटुशी शे, भेव लागी. छत गळस म्हनीसन सांगी देवा." हिलालला ते पटलं. पटलं म्हणजे, सुटका वाटली. छत गळतं. ऐन उन्हात का असेना, गळतं.

शुक्रवार-शनिवार दुपारी तो खालच्या घरात, फरशीवर झोपला. घर जागचं हललं नाही. पण स्वप्न आलं. मोठी भरती आली होती, पाणी शेजारचं उधना ओलांडून नवागामच्या गल्लीत शिरलं होतं आणि त्यावरून एक पांढरं जहाज, काही आवाज न करता, वाळत घातलेल्या साड्या बाजूला सारत येत होतं. दारात येऊन थांबलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली. त्यांनी त्याचं घर पाण्यानं हळुवार धुतलं, एकेक भिंत सोडवली, गुंडाळली, शिक्का मारला. राग नाही, घाई नाही. मग त्यांच्यातला एक जण कागद पुढं करून कुठल्याशा भाषेत बोलला, पण हिलालला समजलं. तो यादी मागत होता. ह्या घरात कुठं कुठं काय आहे ते लिहून द्या, म्हणजे आम्ही सगळंच नेतो, काही मागं ठेवत नाही. हिलालनं लिहायला घेतलं. भिंती लिहिल्या, छत लिहिलं, पलंगामागची फळी लिहिली. पुढचं नाव लेकीचं होतं, ते लिहायला हात उचलेना, आणि तो जागा झाला.

जागं झाल्यावर त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसली. ती पांढरी माणसं हुशार होती ती काही कपड्यांमुळं नाही. त्यांनी काम सुरू करण्याआधी सगळं खरं लिहून काढलं होतं. अलंगला त्या काळी असली यादी कुणी केलीच नाही, आणि तो स्वतः आता छत गळतं म्हणणार होता.

रविवारी सकाळी उज्ज्वला आली. नवरा गणेश बॅगा ठेवून दुकानावर पळाला, रविवारीही मार्केटची पार्सलं असतात. प्रमिलाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. उज्ज्वला पोट सांभाळत, कठड्याला धरत, कुणी अडवायच्या आत जिना चढली.

"आप्पा, मनी खोलीले टेप कसाले लायेल शे?"

प्रमिलाबाई खालून घाईघाईनं म्हणाल्या, "छत गळस बाई, छत."

"ह्या उन्हमा?"

हिलाल जिना चढून वर आला. वरच्या पायरीवर ती बसली होती, तिच्या खालच्या पायरीवर तो बसला. शेजारचे लूम धडधडत होते. त्यानं मान खाली घालून, फरशीला सांगितल्यासारखं, सगळं सांगितलं. डेन्मार्कची फळी, दोनदा गुंडाळलेली. मग ही फळी. मग करवत, ऊन, तिचे पांढरे झालेले केस आणि आपण वाजवलेली टाळी. "मी हसनू," तो म्हणाला. "मी हसी राहिंतू, बेटा." आणि साठीला टेकलेला तो माणूस जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला.

उज्ज्वलाचा हात आपोआप पोटावर गेला होता. हिलालला वाटलं, आता ही उठेल आणि आलेल्या पावली परत जाईल, आणि गेली तर बरोबरच करेल.

"मी एकच दुपार ती फळी धरी," ती म्हणाली. "आप्पा, तुम्ही चौदा वरीस ते कापं. तुमनी छातीनं काय?"

हिलालनं वर बघितलं. प्रश्न त्याला कळला, पण तो कुणाबद्दल आहे ते कळायला वेळ लागला. गेल्या तीन दिवसांत त्यानं उज्ज्वलाचा विचार केला होता, बाळाचा केला होता, त्या भिंतीला टेकून शिकलेल्या गजेंद्रचा केला होता. ह्या हिशेबात हिलाल नावाचा माणूस कुठं होताच कुठं? जिना चढताना हल्ली दम लागतो, तो वयामुळं. सकाळचा खोकला आहे, तो तर विडीचा, आणि विडी सोडून दहा वर्षं झाली. प्रमिलाबाई खालून बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

मंगळवारी उज्ज्वलाची सोनोग्राफी होती. तिनं बापाला धरून नेलं, आणि आपलं काम झाल्यावर तिथंच वरच्या मजल्यावर त्याला छातीच्या फोटोला उभं केलं. तिचा स्वतःचा फोटो काढायला डॉक्टर तयार नव्हते, पोटात बाळ असताना गरजेशिवाय नको म्हणाले. त्यामुळं हिलालला सगळा वेळ वाटत राहिलं की चुकीच्या माणसाचा फोटो निघतोय. काच गार होती. श्वास आत धरा, असं पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि त्यानं इतका मनापासून धरला की सोडा म्हटल्यावरही सोडला नाही.

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, वयानं उज्ज्वलाएवढ्याच. त्यांनी फिल्म पांढऱ्या उजेडावर लावली. त्या उजेडात हिलालच्या बरगड्या एखाद्या अर्ध्या तोडलेल्या जहाजासारख्या दिसत होत्या, आणि धुक्यासारखं काहीतरी मधून मधून साचलेलं होतं. हिलाल तिकडे बघतच नव्हता. त्यानं उज्ज्वलाला पुढं केलं आणि गुजरातीत, हिंदीत, जमेल तसं त्या दुपारचं सगळं सांगितलं. किती वेळ धरली होती, किती फळ्या होत्या, शिंका किती आल्या.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "काका, वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारची एवढी धास्ती घेऊ नका. बाळंतपणानंतर तिला एकदा तपासू, पण तिला धोका फारच कमी." मग खुर्ची थोडी पुढं ओढून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तुमच्या छातीत मात्र डाग आहेत, बरेच आहेत. उद्याच मोठी तपासणी करावी लागेल. बरोबर कुणालातरी घेऊन या."

हिलालला पहिलं तेवढंच ऐकू आलं. तो हात जोडून उठला, बाईंना दोनदा वाकून नमस्कार केला, त्यांच्या घरादाराला आशीर्वाद दिला. कॉरिडॉरमध्ये भेटेल त्या कंपाउंडरकडे बघून तो हसत होता. "आयकं का वं," त्यानं प्रमिलाबाईंना फोनवर ओरडून सांगितलं, "काहीच नही! धोका नही म्हने!"

उज्ज्वला त्याच्या मागून येत होती. तिला दुसरंच ऐकू आलं होतं. तो रस्त्यावर जाऊन नवागामच्या रिक्षाला हात करू लागला, तेव्हा ती फिल्मचं पाकीट छातीशी धरून दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, आणि बापानं दोनदा हाक मारली तरी तिच्यानं उठवेना.